पुडीनं कुटार पचत नाही: पांडा, रानगवा आणि पोळ्याचा बैल

पाऊस लागला की गडचिरोली-गोंदियाच्या आठवडी बाजारात वास्ते येतात. बांबूचे कोंब चिरायचे, उकळून पाणी फेकायचं, मग फोडणी. जगात एक प्राणी असा आहे की ज्याचं वर्षभराचं गणितच या वास्त्यांवर बसलेलं असतं. तो म्हणजे पांडा. आणि त्याच्याबद्दल एक समज पक्का होऊन बसला आहे: मूळचा मांसाहारी, पण पोटातले जंतू बदलले आणि झाला शाकाहारी. याच विचारावर पुढे ढोरांसाठी जंतूंची 'पचनाची पुडी' विकली जाते. पुडी चारा, कुटारही (मळणीनंतरचा भुसा) ढेपेसारखं अंगी लागंल, म्हणे.

माझं मत उलटं आहे. पांडा हा त्या पुडीच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

पांडा म्हणजे आपल्या जंगलातल्या अस्वलाचा चुलतभाऊ. आपलं अस्वल मोहफुलं, बोरं, टेंभरं, वाळवी असं सगळं खातं, पण बांबूच्या रांजीतून जाताना बांबूकडे ढुंकून पाहत नाही. पांडाच्या आहारात ९९ टक्के बांबू, पण आतडं अस्वलाचंच राहिलं: अंगाच्या लांबीच्या जेमतेम चौपट. गाईचं साधारण २० पट असतं. पांडाला जठराचे कप्पे नाहीत आणि आंधळं आतडंही (लहान-मोठ्या आतड्याच्या जोडावरची पिशवी) नाही. २००९ मध्ये त्याची जनुकं वाचली गेली, तेव्हा सेल्युलोज, म्हणजे चाऱ्यातला चोथा, तोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक त्यात सापडलं नाही. इथं बरेच जण घाईनं निष्कर्ष काढतात. अहो, हा विकर गाय स्वतः तरी कुठे बनवते? गाईचंही काम जंतूच करतात. फरक आहे तो जंतूंना मिळणाऱ्या जागेचा आणि वेळेचा.

हा फरक नीट पाहायचा तर बांबू खाणारे दुसरे दोन प्राणी आपल्याच विदर्भात आहेत. ताडोबातला रानगवा बांबूची पानं ओरबाडतो, मग बसून रवंथ करतो. त्याचा हौद, म्हणजे चारा आंबवायची जागा, पुढे आहे. चारा आधी जंतूंच्या ताब्यात जातो आणि दोन-तीन दिवस आत मुरतो. २०२१ पासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत उतरलेले हत्तीही बांबू मोडून खातात. त्यांचा हौद मागे, म्हणजे आंधळ्या आणि मोठ्या आतड्यात. त्यांना खाल्ल्यापैकी निम्म्याहून थोडं कमीच पचतं, पण पोटच एवढं मोठं की भागतं. पांडाला पुढे हौद नाही, मागेही नाही. सकाळी खाल्लेला बांबू संध्याकाळपर्यंत बाहेर. एवढ्या वेळात जंतू काय दिवे लावणार?

लीद पाहा म्हणजे पटेल. शेण फोडून पाहिलं तर त्यात बारीक भुसा दिसतो, काडी ओळखू येत नाही. पांडाच्या लेंडीत बांबूचे तुकडे जसेच्या तसे असतात, हिरवट-पिवळे, दातानं तोडल्याची कड शाबूत. चीनमधल्या गणनेत हे तुकडे मोजपट्टीवर मोजतात. प्रत्येक पांडाचा घास वेगळ्या लांबीचा, त्यावरून एक पांडा कोणता आणि दुसरा कोणता ते ठरवतात. पचनाची अवस्था अशी की न पचलेल्या मालावरून धन्याची ओळख पटते!

पांडाच्या पोटात सेल्युलोज तोडणाऱ्या जातीचे काही जंतू २०११ च्या अभ्यासात सापडले, हे खरं. पण २०१५ मध्ये पिंजऱ्यातल्या ४५ पांडांची विष्ठा वर्षभर तपासली, तेव्हा मांसाहारी प्राण्यांच्या पोटात दिसणाऱ्या जंतूंचाच भरणा निघाला. खाल्लेल्या बांबूपैकी २० टक्क्यांच्या आत-बाहेर पचतं, बाकी बाहेर.

मग हा गडी जगतो कसा? एक तर ढीगभर खातो, दिवसाला १२ ते ३८ किलो, आणि त्यापायी रोजचे १० ते १६ तास जातात. दुसरं, खर्च कमी. त्याच्या वजनाच्या प्राण्याला जेवढी ऊर्जा लागावी त्याच्या ३८ टक्क्यांतच तो दिवस काढतो, हे २०१५ मध्ये मोजलं गेलं. थायरॉईडचं संप्रेरकच कमी. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तो निवडून खातो. चीनमधल्या चिनलिंग डोंगरात वसंतात खालच्या उंचीवर कोंब फुटतात, ते तो खातो. कोंब जून व्हायला लागले की वर चढतो, तिथल्या दुसऱ्या जातीच्या बांबूला तेव्हा कुठे कोंब येत असतात. कोंबात प्रथिनं जास्त, चोथा कमी. अशा निवडीमुळे त्याला मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ अर्धा वाटा प्रथिनांतून येतो, थेट मांसाहाऱ्यासारखा. म्हणजे बांबू खाऊनही जेवण अस्वलाचंच.

जंतू इथे कामाला येतात, पण वेगळ्या कामाला. कोंबांच्या दिवसांत क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जंतू वाढतो आणि चरबी साठवायला मदत करतो. २०२२ च्या अभ्यासात कोंबांच्या दिवसांतली विष्ठा उंदरांच्या पोटात सोडली, तर तेवढंच खाऊन त्यांचं वजन जास्त वाढलं. पण क्रम लक्षात घ्या. चारा आधी बदलला, जंतू त्याच्या मागून बदलले.

आता कोठ्यात, म्हणजे ढोरांच्या गोठ्यात येऊ. थोराड गाईच्या पहिल्या कप्प्यात १०० लिटरच्या वर माल मावतो. वरून दिवसाला जवळपास तेवढीच लाळ गिळली जाते आणि तिच्यातला सोडा आतलं आम्ल मारतो. पांडाला जन्मात मिळणार नाही असा हा हौद आपण एका दिवसात नासवतो. पोळा तोंडावर आला आहे म्हणून लिहितो.

वर्षभर कडबा-कुटार खाल्लेल्या बैलाला पोळ्याच्या दिवशी ठोंबरा (शिजवलेली ज्वारी), पुरणपोळी, वरून भिजवलेली ज्वारी. एवढा पिठूळ माल एकदम पडला की आम्ल करणारे जंतू काही तासांत माजतात. पोटातला सामू (पीएच, कमी झाला की आम्ल वाढलं) साडेपाचच्या खाली गेला की चोथा पचवणारे मरायला लागतात. आम्ल अंगातलं पाणी पोटात ओढून घेतं. बैल रवंथ सोडतो, डावी कूस कणकेसारखी लागते, शेण पातळ आणि आंबूस, डोळे खोल जातात, चाल डगमगते. अशा वेळी घरोघरी गोडं तेल पाजतात. तेल फेसाच्या पोटफुगीवरचं औषध आहे, आंबलेल्या पोटाला त्याचा उपयोग नाही. शिवाय मान वर ताणून, जीभ ओढून पाजलं तर ते फुप्फुसात जातं आणि पोटाऐवजी न्यूमोनियानं जनावर जातं. धान्य काढा, सुका कडबा पुढे ठेवा आणि डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा, दुसऱ्या दिवशी नको.

जंतू द्यायचेच असतील तर त्याचीही रीत आहे. निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी नळीनं काढायचं, फडक्यानं गाळायचं, कोमट असतानाच आजारी जनावराला नळीनं द्यायचं. मोठ्या जनावराला किमान तीन लिटर, जास्त मिळालं तर उत्तम. हे काम डॉक्टरचं. आणि आधी आम्ल मारलं नाही तर हे नवे जंतूही आत जाऊन मरतात. जिथे तीन लिटर जिवंत पाणी वाया जातं, तिथे चमचाभर पुडीचं काय घेऊन बसलात!

कुटार-तणस खरंच अंगी लावायचं असेल तर युरिया प्रक्रिया करा. १०० किलोला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर द्यायचा, शिंपडायचं, तुडवायचं, प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. खडा राहिला तर विषबाधा, हवा शिरली तर बुरशी. चारण्याआधी तासभर पसरून ठेवा. पहिल्या दिवशी ओंजळभर, रोज थोडं वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण. सहा महिन्यांखालच्या वासराला बिलकूल नाही. युरियाच्या पाण्याची उरलेली बादली कोठ्यात ठेवू नका, तहानलेलं ढोर तोंड घालतं आणि मरतं.

पोळ्याला बैल घरोघरी फिरतो आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक घर म्हणतं, आमची तर एकच पोळी. दहा घरांच्या दहा होतात, घरचा ठोंबरा वेगळाच. निघण्याआधी बैलाला पोटभर कडबा टाका, पाणी दाखवा, आणि कासरा ज्याच्या हातात असेल त्यानंच पोळ्या मोजाव्यात. चौथ्या घरापासून पोळी बैलाच्या कपाळाला लावायची आणि दुरडीत ठेवायची.