घरात वीज आहे का?

प्रश्न जसा छापलाय तसाच विचारायचा. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही आणि उत्तर ढळढळीत समोर दिसत असलं तरी आपल्या मनाने टिक मारायची नाही. सर्व्हेच्या ट्रेनिंगमध्ये हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की एका रात्री मी झोपेत नवऱ्याला "कुटुंबप्रमुख घरी आहेत का?" असं विचारलं म्हणे. तो म्हणतो, लग्नानंतर प्रथमच कुणीतरी त्याला कुटुंबप्रमुख म्हटलं.

तर लोअर परळचा टॉवर, सत्ताविसावा मजला. मी लिफ्टने वर आलेली. बेल दाबली तर आत कोकिळा ओरडली. दार उघडलं तसा एसीचा गारवा अंगावर आला. डोक्यावर झुंबर, समोर भिंतभर टीव्ही. आणि मी टॅब उघडून, चेहरा जमेल तितका कोरा ठेवून विचारते, "तुमच्या घरात वीज आहे का?"

मॅडमनी झुंबराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या गळ्यातल्या आयकार्डावरचा फोटो आणि मी एकच आहोत का, ते पाहिलं.

"चेष्टा करताय का?"

"नाही मॅडम. हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"हो!!"

टॅबमध्ये उद्गारचिन्हाची सोय नाही. पुढची यादी सुरू केली. गादी? प्रेशर कुकर? खुर्ची? खाट? शिलाई मशीन? कृष्णधवल टीव्हीपाशी आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले आणि बैलगाडीपाशी सोफ्यावर येऊन बसले.

"बैलगाडी नाही," साहेब म्हणाले. "पार्किंग दोनच आहेत, दोन्ही भरलीयत."

"मळणी यंत्र?"

"हिला विचारा. ऑनलाइन काय काय मागवते, मला पत्ता नसतो."

लोकांना वाटतं, ही बाई वेडी आहे. पण प्रश्नावली देशभराला एकच असते. जो प्रश्न गडचिरोलीतल्या पाड्यावर, तोच लोअर परळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या यादीतही वीज, गादी, कुकर, बैलगाडी, ट्रॅक्टर अशी सगळी भावकी एकत्र नांदते. या वस्तूंवरूनच कुटुंबांचा संपत्ती निर्देशांक काढतात आणि सगळ्या देशाचे पाच समान गट पाडतात. उत्पन्न विचारलं तर खरं कोण सांगणार? कुकर मात्र कुणी लपवत नाही.

अर्थात टॉवरमध्ये उत्तर मिळणं हा पुढचा भाग झाला. आधी गेट. वॉचमन म्हणतो सेक्रेटरीचं लेटर आणा, सेक्रेटरी म्हणतात कमिटीत मांडतो, कमिटीची मीटिंग होते गणपतीनंतर. तोवर मी रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कुणाकडे आणि 'कामाचं स्वरूप' लिहून कुंड्यांच्या कठड्यावर बसून असते. कामाच्या रकान्यात 'वीज' लिहिलं तर मला बेसमेंटमधल्या मीटर रूमकडे पिटाळतात. शेजारचं घर उघडं आहे म्हणून ते घ्यावं, तर तेही चालत नाही. नमुन्यात जे घर निघालं तेच हवं, पुन्हापुन्हा जाऊन हवं. नाहीतर देशात फक्त दुपारी घरी असणारी माणसंच राहतात असा निष्कर्ष निघायचा.

चाळीत उलट. दारं उघडीच असतात, चहा विचारायच्या आत येतो आणि एका घराला प्रश्न विचारला की चार घरं उत्तर देतात. लालबागला एका खोलीत मी आजवरचा सगळ्यात अवघड 'हो' टिपला.

खोली एक, भाऊ दोन. मधे प्लायवूडचं पार्टिशन, छतापासून हातभर खाली थांबलेलं. आमच्या व्याख्येनुसार एकत्र राहून एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. इथे शेगड्या दोन, म्हणजे कुटुंबं दोन. मीटर एक. थोरल्या वहिनींना मी विचारलं, "फ्रिज आहे का?"

"आहे."

पार्टिशनवरून आवाज आला, "अर्धा आमचा आहे."

"दुधाची पिशवी ठेवण्यापुरता," थोरल्या म्हणाल्या, माझ्याकडे बघून, पण पार्टिशनला ऐकू जाईल अशा बेताने.

मग धाकट्यांकडे गेले. घरात वीज आहे का? धाकट्या वहिनींनी वर बोट दाखवलं. ट्यूबलाइट बरोबर पार्टिशनच्या डोक्यावर, अर्धी यांच्यात, अर्धी त्यांच्यात. दोन कुटुंबांना एक ट्यूब, हिशेबाला अगदी चोख. फक्त बटण थोरल्यांच्या भिंतीवर. भाऊजींची पहाटेची ड्युटी, त्यामुळे रात्री दहाच्या ठोक्याला बटण खाली. धाकट्यांची मुलगी दहावीला. ती मोबाइलच्या टॉर्चवर भूमिती करते आणि मोबाइलचं चार्जिंग आईने दुपारीच, भाऊजी कामावर असताना, थोरल्यांच्या प्लगवर उरकून ठेवलेलं असतं.

"आता तुम्हीच सांगा ताई, वीज आहे का नाही?"

मी काय सांगणार? टॅबवर दोनच गोल. हो आणि नाही. 'दहापर्यंत' असा गोल नाही.

हा घोळ माझ्या टॅबचा नाही, पुरातन आहे. १९९७पूर्वी महसुली हद्दीत कुठल्याही कामाला वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. एखाद्याच्या विहिरीवर पंप बसला, गाव उजळलं, गावकरी कंदील घेऊन बघायला गेले असतील. १९९७ला नियम बदलला, वीज निदान वस्तीत यायला हवी असं ठरलं. २००४च्या नव्या व्याख्येत शाळा, पंचायत यांच्या जोडीला किमान १० टक्के घरांत वीज हवी असं आलं. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव झोकात. २८ एप्रिल २०१८ला मणिपूरमधल्या लेइसांगला वीज पोचली आणि देशातली सगळी गावं झाली. घरं व्हायची होती.

जनगणनेची तऱ्हा निराळी. २०११मध्ये तिने विचारलं, उजेडाचं मुख्य साधन काय? वीज, रॉकेल, सौर, दुसरं तेल, आणखी काही, आणि शेवटी 'उजेड नाही' असाही एक पर्याय. वीज म्हणणारी घरं निघाली ६७.२ टक्के, दहा वर्षांपूर्वी ती ५५.८ होती. २०१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीने विचारलं, घरगुती वापराला वीज आहे का? ९५.७ टक्के कुटुंबं हो म्हणाली. कुटुंब आरोग्यवाल्यांच्या २०१९-२१च्या फेरीत ९६.८ टक्के लोक वीज असलेल्या घरांत राहत होते. आकडे चढतायत हे खरंच, आणि ते चढवायला खांब रोवणाऱ्यांनी जिवाचं रान केलं, तेही खरं. पण या ९६.८मध्ये सत्ताविसावा मजलाही आला आणि ट्यूबच्या अर्ध्या भागाखाली बसलेली भूमितीही आली. दोघींना वजन सारखं.

जागतिक बँकेने २०१५मध्ये यावर एक तोडगा आणला. हो-नाही सोडा, शून्य ते पाच अशा पायऱ्या करा. वीज किती तास, संध्याकाळी किती, आठवड्यात किती वेळा जाते, व्होल्टेज कसं, परवडते का, बिल रीतसर भरता का, शॉक बसतो का. पाचव्या पायरीला दिवसाचे २३ तास हवेत, आठवड्यातून तीनहून जास्त वेळा जाता कामा नये आणि संध्याकाळी पूर्ण चार तास हवेत. मी आनंदाने लालबागची खोली मनातल्या मनात या पायऱ्यांवर चढवली. तर संध्याकाळ मोजायची ती सहा ते दहा! भाऊजी बटण बंद करतात दहाला. चारपैकी चार तास. दिवसाचे तेवीस तास भरले नाहीत तरी संध्याकाळच्या रकान्यापुरत्या धाकट्या वहिनी थेट पाचव्या पायरीवर.

शिवाय मुंबईकराला 'गेल्या सात दिवसांत लाईट किती वेळा गेली?' हे विचारणं म्हणजे डोकेफोड. इथे ती इतकी क्वचित जाते की लोकांनी तारखा पाठ केल्यात.

"गेली होती ना. २६ जुलैला."

"काका, गेल्या आठवड्यात जुलै नव्हता."

"अहो, २००५ची सांगतोय."

त्यांचा मुलगा आतून ओरडतो, "१२ ऑक्टोबर २०२० विसरलात का?" मग लोकल कुठे थांबली होती, कोण रुळांवरून चालत कुठवर गेलं, ते सगळं. अर्ध्या तासाने मी शून्य लिहिते.

गोवंडीतल्या वस्तीत तारखा कुणी सांगत नाही. तिथे अडतं ते 'मीटर कोणाच्या नावावर?' या प्रश्नाला. पंखा फिरत असतो, टीव्हीवर मालिका चालू असते, पण घरातली बाई आधी विचारते, "तुम्ही लाईटवाल्यांकडून आलात का?" एकीने बोलता बोलता भिंतीवरच्या वायरवर ओला टॉवेल वाळत घातला. माझ्या पोटात गोळा आला, नोकरीच्या नाही, शॉकच्या भीतीने. तेवढ्यात तिचा धाकटा मदतीला धावला, "ती वायर ना, मागच्या मावशींकडून येते. पंख्याचे वेगळे पैसे, टीव्हीचे वेगळे." आईने त्याला चहा आणायला पिटाळलं. चहा गॅसवर समोरच उकळत होता. मी छताकडे बघत 'हो' टिपला. तिथून रिक्षाने फार तर पंधरा मिनिटांवर, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा देशभरचा हिशेब तिथून जुळवला जातो. मावशींची वायर त्या हिशेबात कुठल्या खात्यावर पडते, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

गेल्या तीस दिवसांत किती युनिट जळाली, हा खर्चाच्या पाहणीतला प्रश्न. हल्ली बिल फोनवर येतं आणि बँकेतून आपोआप जातं, त्यामुळे घरात कुणालाच आकडा माहीत नसतो. नवरा बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे, मुलगा पासवर्ड आठवतो.

अपवाद गिरगावच्या आजी. त्यांनी दारामागची तार काढून माझ्या मांडीवरच ठेवली. टोचलेली बिलं, खालची पिवळी पडून पापडासारखी झालेली. "महिना सांग," म्हणाल्या. मी सांगितला. युनिटं, रुपये, भरल्याची तारीख, सगळं खडाखडा. एवढं चोख उत्तर मला आजवर मिळालं नव्हतं. मी आभार मानून टॅब मिटायला लागले.

"मिटतेस कुठे? आता माझं ऐक. बिलावर नाव बघ."

नाव त्यांच्या सासऱ्यांचं होतं.

"आजी, मी फक्त सर्व्हेला—"

"सरकारी आहेस ना? आयकार्ड आहे ना?" आजींनी कपाटातून दोऱ्याने बांधलेली पिशवी आणली. भाडेपावत्या, रेशनकार्ड, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, त्यांच्या मागोमाग यजमानांचा. "मीटर माझ्या नावावर कर म्हणून मी कितीजणांना सांगितलं. उंबऱ्यात येऊन वीज आहे का असं विचारणारी तूच पहिली. खाली कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे. प्रत्येकाच्या तीन काढ, आणि मूळ कागद त्याच्याकडे विसरू नकोस."