‘कान सोनारानेच टोचावेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पावसाळ्यातील कानदुखीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. बाह्यकर्णदाह, म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीला येणारी सूज, ओळखावा कसा आणि डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत काय टाळावे, एवढाच त्या लेखाचा विषय होता. आपले आक्षेप चार आहेत. नळीची लांबी मी चुकीची दिली, पोहून आल्यावर घालायच्या व्हिनेगर-स्पिरिटच्या मिश्रणाबाबत पुरेसे सावध केले नाही, मधुमेह्यांचा उल्लेखही केला नाही आणि शेवटी, "कान सोनारानेच टोचावेत, निवृत्त मास्तरांनी नव्हे."

लांबीची चूक मान्य आहे. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच असते. माझ्याकडून ‘दोन इंच’ असे टंकले गेले. आज दुरुस्ती केली आहे आणि आपले आभारही मानतो.

आता सोनाराविषयी. अधिकाराच्या माणसाने सांगितलेले पटते, असा त्या म्हणीचा आशय आहे. इतरांनी तोंड उघडू नये असा तिचा अर्थ कोणत्या कोशात सापडला, हे आपण कळवावे. देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. जून ते सप्टेंबर आमच्याकडे अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे विहिरीत सूर मारून थेट शाळेत येणाऱ्या मुलांचे कान कुठून वाळणार? जुलैत प्रत्येक वर्गात मान एका बाजूला कलती ठेवून बसलेले एखादे मूल असेच. कानाच्या तोंडाशी कूर्चेचा जो लहान उंचवटा असतो, त्यावर बोट टेकवले किंवा कान हलकेच वर ओढला, की ते मूल कळवळून उठे. मधल्या कानाच्या दुखण्यात सहसा असे होत नाही. ही खूण पालकांना सांगण्यासाठी मी कोणाकडून परवाना घ्यायला हवा होता?

शिवाय हे दुखणे मी स्वतः भोगलेले आहे. नववीत असताना श्रावणात माझा उजवा कान खाजू लागला आणि मी तो आईच्या केसांतल्या आकड्याने कोरला. आजीने लसूण घालून कढवलेले खोबरेल तेल कोमट करून कानात सोडले व वर कापसाचा बोळा बसवला. तिच्या मायेविषयी शंका नाही, परंतु खरचटलेल्या नळीत ऊब आणि ओल कोंडली गेली. पुढे दुकानातून आणलेले प्रतिजैविकाचे थेंब दोन आठवडे घातले, तरी खाज वाढतच गेली आणि घास चावताना जबडा उघडेनासा झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिमट्याने जे बाहेर काढले ते मला आजही दिसते: ओल्या टिपकागदाचा लगदा असावा तसा पांढुरका गोळा आणि त्यावर कोणी शाईचे पेन झटकल्यासारखे काळे ठिपके. ती अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी होती. प्रतिजैविक जिवाणूंना मारते, बुरशीला नव्हे. उलट ते फार दिवस घातले तर बुरशीला रान मोकळे मिळते. म्हणूनच माझ्या लेखात दुखऱ्या कानासाठी एकाही औषधाचे नाव नाही. थेंब कोणते हे डॉक्टरांनी कान पाहून ठरवावे; ते कसे घालावेत एवढेच मी लिहिले. बाटली मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर निजून तीन ते पाच मिनिटे तसेच राहावे आणि आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला बोळा ठेवून सात ते दहा दिवस कानात पाणी जाऊ देऊ नये. यात मास्तराने कोणाचा कान टोचला, ते तुम्हीच सांगा. तुम्ही स्वतः डॉक्टर आहात की नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेही नाही. नावही नाही.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा आधीच ठणकत असेल तर ते मिश्रण घालू नये, हे वाक्य लेखात आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे, आणि तिथवर वाचण्याचे कष्ट वाचकाने घ्यावेत एवढी अपेक्षा गैर नसावी.

मधुमेहाचे म्हणाल, तर साखर आटोक्यात नसलेल्या वृद्धाचा कान रात्री झोपू देत नसेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली असेल, तर संसर्ग कवटीच्या हाडात उतरलेला असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे, हे कोणाही समंजस माणसाला ठाऊक असते असे मी गृहीत धरले होते. तो परिच्छेद उद्या लेखात जोडत आहे. आपण सांगितले म्हणून नव्हे. मूळ टिपणात तो होताच.