‘पंधरा फुटांवर हार्नेस कशाला?’ : दर हंगामात फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

हरणांचा हंगाम जवळ आला की मिशिगनमधल्या शिकारीचा नाद असलेल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक संदेश हटकून येतो. मूळ कुणाचा, देव जाणे. त्याचं सार असं: ट्री स्टँडवर (शिकारीला बसायला झाडाला उंचावर बांधलेली फळी) हार्नेस (पडताना धरून ठेवणारे, अंगाला बांधायचे पट्टे) घालणं म्हणजे कंपन्यांनी घातलेली भीती आहे. पंधरा फुटांवरून पडून कुणी मरत नाही. पडतात ते डुलकी काढणारे, तेव्हा जागं राहा. फारच वाटलं तर कमरेला पट्टा बांधा. हार्नेसमध्ये लोंबकळलेला माणूस पंधरा मिनिटांत जातो, त्यापेक्षा पडलेलं परवडलं. स्टँड एकदा नीट लावला की वर्षानुवर्षं बघायला नको. आणि शेवटी हुकमाचा एक्का: आपले आजोबा जन्मभर शेतातल्या माळ्यावर राखणीला बसले, त्यांना कुणी दोर बांधला होता?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर भारतात शिकारीची वाट हळूहळू बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे शिकवणारं कुणी नव्हतं. जे काही कळलं ते इथं आल्यावरच. अशा माणसाला फॉरवर्डच गुरू वाटू लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिला मुद्दा उंचीचा. पंधरा फुटांवरून सुटलेला माणूस साधारण एका सेकंदात जमिनीवर येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी चौतीस किलोमीटरच्या आसपास असतो. एका सेकंदात कुणी सावरत नाही. आपण पाय खाली ठेवून अलगद उतरू, हा समज तर निव्वळ भाबडा. अंग वाटेतल्या पायरीवर आदळतं, वळतं आणि मिळेल त्या बाजूने पडतं. मग टाच, कंबरेचा मणका, मनगट, डोकं, जे आधी लागेल ते. अमेरिकेत बांधकामावरच्या कामगारासाठी सहा फुटांपासूनच पडण्यापासून संरक्षण देणं मालकावर बंधनकारक आहे. तो मजूर दिवसाउजेडी, चार माणसांत काम करत असतो. आपण पहाटे, एकटे, रानात.

आता डुलकी. संदेशातली सगळ्यात घातक गोष्ट हीच, कारण ऐकायला ती शहाणपणाची वाटते. बहुतेक पडणारे बसलेले नसतातच. ते चढत असतात, उतरत असतात किंवा पायरीवरून स्टँडवर पाय टाकत असतात. नाहीतर स्टँड बांधत असतात. म्हणजे वर जाऊन बसल्यावर हार्नेसचा हुक अडकवणारा माणूस नेमक्या धोक्याच्या वेळी मोकळा असतो. जागं राहण्याचा सल्ला त्याच्या काय कामाचा?

मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो. तेव्हा सूर्य उगवायला साडेसात होतात, म्हणजे चढणं अंधारात, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात. लोखंडी पायऱ्यांवर पांढरं दहिवर गोठलेलं, बुटांच्या तळव्यांना चिखल, अंगावर जाड कपडे, आणि त्यामुळे आपलाच पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. शेवटच्या पायरीवर उभं राहून एक पाय उचलून बाजूच्या फळीवर टाकायचा, तेव्हा क्षणभर सगळं वजन एका तळव्यावर येतं. फळी जरा हलली, पट्टा दोन बोटं सरकला, की खेळ संपला. शेवटची पायरी फळीच्या वर न्यायची आणि फळीवर खाली उतरायचं, चढून जायचं नाही, हे साधं पथ्य पाळलं तरी हा धोका बराच कमी होतो. पण दोर हवाच.

हा दोर म्हणजे लाइफलाइन. झाडाला स्टँडच्या वर, बसल्यावर आपल्या डोक्याच्याही वर बांधलेला आणि खाली बुंध्यापर्यंत सोडलेला. त्यावर प्रुसिक गाठीचा एक छोटा फास असतो. हाताने सरकवला की सरकतो, झटका बसला की आवळतो. जमिनीवर उभं असतानाच हार्नेस त्याला जोडायचा आणि चढताना गाठ डोक्याच्या पातळीला ठेवत वर न्यायची. उतरतानाही तसंच. पाय मातीला लागले की मगच सोडायची. बंदूक या काळात खांद्यावर नको. ती खालीच रिकामी करून, नळी जमिनीकडे ठेवून वेगळ्या दोरीने बांधायची आणि वर बसून हार्नेस अडकवल्यावर ओढून घ्यायची. ती दोरी ट्रिगरच्या आसपास बांधायची नाही, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

स्टँड पहिल्यांदा बांधताना मात्र वर लाइफलाइन नसते. तिथे आपल्याकडचा विजेचा वायरमन आठवावा: खांबाभोवती पट्टा टाकून मागे रेलतो आणि दोन्ही हात कामाला मोकळे. लाइनमनचा दोर नेमकं हेच करतो. हार्नेसच्या दोन्ही कुशींच्या कड्यांतून निघून झाडाभोवती फिरतो. स्टँडचा पट्टा आवळायला दोन हात लागतातच. दोर नसेल तर एक हात झाडाला मिठी मारायला जातो आणि पट्टा अर्धवट आवळलेला राहतो. वाटेत फांदी आली तर दोर सोडून पुन्हा टाकावा लागतो, म्हणून दुसरा दोर आधी फांदीच्या वर अडकवायचा आणि मग पहिला काढायचा. एका क्षणासाठीही मोकळं राहायचं नाही. आणि या कामाला जोडीदार न्यायचा. दिवस मोडतो, कबूल आहे.

कमरेच्या पट्ट्याबद्दल फार लिहीत नाही. पडताना तो बरगड्यांखाली किंवा काखेपर्यंत सरकतो, छाती आवळतो आणि श्वास कोंडतो. कधी माणूस उलटा होऊन त्यातून निसटतो. ट्री स्टँड बनवणाऱ्यांची संघटनाच असे पट्टे वापरू नका, मांड्यांतून आणि खांद्यांवरून जाणारा पूर्ण हार्नेस घाला, असं सांगते.

लोंबकळण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यावर जरा थांबायला हवं. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकून राहिलं तर रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, चक्कर येते, शुद्ध हरपते आणि वेळेत सुटका झाली नाही तर मृत्यूही येऊ शकतो. पंधरा मिनिटांचा आकडा मात्र सगळ्यांना सरसकट लावता येत नाही. कुणाला लवकर त्रास होतो, कुणाला उशिरा. यावर हार्नेस न घालणं हा उपाय कसा काय झाला? उपाय हार्नेसबरोबरच येतो: पाय ठेवायचा पट्टा. तो बाहेर काढून त्यात पाऊल रोवायचं आणि उभं राहायचं, की मांड्यांवरचा भार उतरतो. तो मिळाला नाही तर बुंध्याला पाय लावून ढकलत राहायचं, पाय सतत हलवायचे. घरी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकदा लटकून बघावं. पट्टा कुठल्या खिशात आहे ते अंधारात शोधायची वेळ येऊ नये.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हार्नेस झाडाला जोडणाऱ्या दोराची लांबी. झाडाला तो डोक्याच्या वर अडकवलेला हवा आणि बसल्यावर त्यात ढील जवळजवळ नको. मग घसरलात तरी फळी हाताशी राहते, वळून वर येता येतं. तोच दोर कमरेच्या उंचीला बांधला तर माणूस फळीच्या खाली जाऊन लटकतो. तिथून परत चढणं पहिलवानालाही जड. लोंबकळून दगावण्याच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांचं मूळ अशा बांधणीत शोधावं. आणि फोन पाठीवरच्या पिशवीत नाही, हात पोचेल अशा छातीच्या खिशात ठेवायचा.

याच मुद्द्याला एक शेपूट असतं: सुटका झालेल्याला आडवं केलं तर साचलेलं रक्त हृदयावर येऊन तो दगावतो. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने २००९ मध्ये याचे पुरावे तपासून घेतले. आडवं करू नका या सल्ल्याला त्यांत आधार सापडला नाही. नेहमीचे प्रथमोपचारच करायचे.

कंपन्यांच्या धंद्याचं म्हणाल तर संघटनेतल्या कंपन्या स्टँडच्या खोक्यातच हार्नेस देतात. कित्येक गॅरेजांत तो प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेला नसतो. त्याच्यावरची तारीख मात्र बघा. बहुतेक उत्पादक पाच वर्षांनी तो बाद करायला सांगतात, आणि एकदा पडणं झेललेला हार्नेस तर त्याच दिवशी बाद.

आजोबांचा माळा चार रोवलेल्या खांबांवर उभा असायचा. वर ऐसपैस, आडवं होण्याइतकी जागा, चढायला शिडी. राखणीला बसलेला माणूस दिवसातून दहा वेळा वरखाली करायचा, तेही ओळखीच्या शिडीवरून. झाडाला पट्ट्याने लटकवलेली दोन-अडीच फुटांची फळी आणि तो माळा यांची तुलनाच होत नाही. बरं, माळ्यावरून पडलेल्या आजोबांची गोष्ट गावात कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘एकदा लावला की झालं’ हे वाक्य कुणी लिहिलं असेल, त्याने स्वतःचा जुना पट्टा हातात घेऊन बघावा. वर्षभराच्या उन्हाने धागा कडक होतो. खारी तो कुरतडतात. झाडाचा घेर वाढतो आणि पट्टा आतून ताणला जातो. बाहेरून सगळं घट्ट दिसतं. मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवर झाडात खिळे, स्क्रू घुसवायला मनाई आहे, म्हणजे तिथे सगळी मदार पट्ट्यांवर. हंगाम संपला की स्टँड काढून आणायचा आणि पुढच्या वर्षी नव्या पट्ट्यांनी लावायचा.

आणि झाड. ‘झाड भक्कम दिसतं’ या एका वाक्यावर इकडे तरी विसंबू नये. एमराल्ड ॲश बोअरर हा हिरवा किडा २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ सापडला आणि त्याने ॲशची कोट्यवधी झाडं मारली. मेलेलं ॲश फार लवकर ठिसूळ होतं. बुंधा सरळसोट, स्टँड लावायला मोह पाडणारा, पण वरची फांदी केव्हा मोडेल सांगता येत नाही. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं, सुतारपक्ष्याने खरवडून पांढुरके पडलेले पट्टे, साल उचकटली तर खाली नागमोडी वाटा, यांतलं काही दिसलं की पुढचं झाड बघायचं. नोव्हेंबरात जिवंत आणि मेलेलं, दोन्ही झाडं सारखीच उघडी असतात. म्हणून झाड ऑगस्टमध्ये, अंगावर पानं असतानाच निवडायचं.