तांबड्या रश्श्यानं अल्सर होत नाही

‘तांबडा रस्सा खाणाऱ्या कोल्हापूरकरांच्या पोटात अल्सर होतो’ असा मेसेज दोन दिवस ग्रुपवर फिरतोय. आमच्या गल्लीत तर एकानं रविवारचं मटणच रद्द केलं.

तिखटानं जळजळ वाढते, हे खरं. अल्सर म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम; ती मात्र त्यानं पडत नाही. अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी हे पटवून द्यायला 1984 मध्ये हा जिवाणू चक्क पिऊन दाखवला. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि पोटात घातलेल्या दुर्बिणीत जठराला सूज दिसली. (अल्सर नव्हे, सूज!) या जिवाणूच्या शोधासाठी त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं.

जिवाणू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत, नाहीतर दुर्बिणीतून घेतलेल्या जठराच्या तुकड्यात सापडतो. मग साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी. बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका.

गुडघा दुखतो म्हणून उपाशीपोटी रोज गोळी गिळणाऱ्यांनी मात्र रश्श्याला नावं ठेवू नयेत. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट दवाखाना गाठा.