काका, सगळे कंस सारखे नसतात

नेरुळचे काका, सप्रेम सलाम.

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, कंसांवरचा माझा लेख वाचून तुम्ही दोन आरोप केलेत. कंसातला मजकूर अनुवादकांचा म्हणून मी पोरांचा विश्वास डळमळीत करतो, आणि येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट कंसात टाकणारे हे लोक कोण?

पहिल्यात चूक माझी. ‘कंस म्हणजे अनुवादकाची भर’ असं मी एका वाक्यात उरकलं होतं. दुरुस्त केलंय. योहान ४:२ (अध्याय ४, वचन २) बघा: येशू स्वतः बाप्तिस्मा करत नसे, त्याचे शिष्य करत. हा खुलासा शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, लेखकाचाच. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत कंस कुठले, शब्दसुद्धा एकमेकांना चिकटलेले. अनुवादकाने तिथे फक्त चिन्ह घातलं.

प्रार्थनेच्या शेवटाची, ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव...’ची, गोष्ट मात्र निराळी. मत्तय ६:१३ मधली ही ओळ सिनाई आणि व्हॅटिकन या ४थ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही, लूक ११ मधल्या याच प्रार्थनेतही नाही. म्हणून ती कुठे चौकटी कंसात, कुठे तळटीपेत. उपासनेत लोकांच्या तोंडी असलेली स्तुती हाताने नक्कल करताना आत आली, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे.

असं कसं होतं, ते आमच्या कळव्याच्या घरात घडलंय. वडील कारखान्यात रात्रपाळीला जायचे. आईने स्तोत्र २३ मध्ये ‘तू माझ्याबरोबर आहेस’ याच्या शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: रात्रपाळीतही. आम्ही भावंडं त्याच प्रतीवरून पाठ करायचो. संडे स्कूलमध्ये मी ठणठणीत आवाजात म्हटलं, ‘कारण तू रात्रपाळीतही माझ्याबरोबर आहेस.’ बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं, तरी मला पटेना. आईच्या शास्त्रात तसं होतं ना! छापील प्रती नसत्या आणि मीच पुढची नक्कल केली असती, तर? योहान ५:४ मधला पाणी हलवणारा देवदूतही असाच समासातून आत आला असं मानतात.

ही काळजी आपल्याकडेही होतीच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं, की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो. व्हॅटिकन हस्तलिखितात इब्री लोकांस पत्राच्या १:३ जवळच्या समासात तर कुणीतरी आधीच्या दुरुस्तीवाल्याला चक्क शिवी घातलीय: मूर्खा, जुना पाठ राहू दे, बदलू नकोस! (मला हा माणूस फार आवडतो.)

प्रार्थनेचा शेवट मी रविवारी म्हणतो, सगळ्यांबरोबर, मोठ्याने. तो सोडा असं मी लिहिलेलं नाही. तुमच्या प्रतीत ती ओळ कंसात आहे की तळटीपेत, आणि प्रत कोणत्या सालची, तेवढं कळवा. कधी कळव्याला आलात तर आईचं शास्त्र दाखवतो. ‘रात्रपाळीतही’ अजून पुसलेलं नाही.