पडद्याचे पैसे कापून घ्या

परवा टीव्ही घ्यायला गेलो. सोबत भाचा. मला दिसत नाही हे दुकानात शिरताक्षणी सगळ्यांना कळलं. मला टीव्ही हवाय हे मात्र शेवटपर्यंत कोणाला पटलं नाही.

"सर किती इंची बघतील?" सेल्समनने भाच्याला विचारलं.

"सर इथेच उभे आहेत," मी म्हणालो. "आधी रिमोट हातात द्या." पाचच्या बटणावर टिंब आहे का, बटणं बोटाला वेगवेगळी लागतात का, माझी सगळी पारख तिथेच. तर हा म्हणे, "रिमोट सगळे सेमच, सर. पिक्चर क्वालिटी बघा!"

शेजारी एक काका वॉशिंग मशीनची झाकणं उघडझाप करत होते. ते काम टाकून आले.

"जन्मापासून?" हेही भाच्यालाच.

"हो," मी.

"अरेरे. मग टीव्ही कशाला? रेडिओ घ्या की."

"काका, रात्री टीव्ही लावून तुमचा डोळा लागतो का?"

"रोज! बातम्या चालू असतात, आपण घोरतोय."

"पण बंद केला की?"

"लगेच जाग येते. म्हणतो, मी ऐकतोय!"

"मीही ऐकतोच."

काका गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो. पण ते हिशेब करत होते. "अहो," ते सेल्समनला म्हणाले, "मग पडद्याचे पैसे कापून घ्या ना यांचे!"

आणि सेल्समन अगदी गंभीरपणे म्हणाला, "तशी स्कीम नाहीये, सर."

तेवढ्यात भाच्याने सेटिंगमध्ये शिरून टॉकबॅक सुरू केलं. टीव्ही बोलायला लागला. जिथे जाल तिथलं नाव वाचून दाखवतो तो, त्यासाठीच तर आलो होतो. सेल्समन मात्र ओरडला, "ओ, काय दाबलंत? पीस बिघडला!" दोन पोरं धावत आली. ज्या गुणासाठी मी पैसे मोजणार, तो दुकानाच्या लेखी बिघाड. रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सगळ्यांना वापरता यावीत असं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. पण कायद्यावरही स्कीम नसावी.

घेतला एकदाचा. घरी आणल्यावर कळलं, टीव्ही बोलतो पण सेट-टॉप बॉक्स मुका. त्याचा मेनू टीव्हीला वाचता येत नाही. म्हणजे चॅनल पुन्हा पाठच करायचे. आणि मालिका? तीनदा ढँग ढँग ढँग वाजतं, कोणीतरी कोणाकडे तरी बघतंय. बायकोला विचारावं तर, "ती बघतेय." "कोण?" "तीच हो!" 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'ला ओटीटीवर येण्याआधी दृश्यांचं वर्णन सांगणारा आवाज जोडायला लावला. पडद्यावर मारामाऱ्या, त्याही कोर्टात जाऊन मिळवायच्या. आमच्या सासवा कोण कोर्टात नेणार?

काल कंपनीचा फोन आला. "सर, पिक्चरच्या क्लॅरिटीला दहापैकी किती द्याल?"

"आवाजाचं विचारा ना."

"तो प्रश्न नाहीये, सर. पिक्चरचं सांगा."