पारवा, राखाडी आणि नाचणीचं सत्त्व

सगळ्याचं मूळ जाऊबाईंच्या बाणेरच्या हॉलमधे आहे. त्यांनी ग्रे रंग दिला होता आणि वास्तुशांतीला मसालेभात खाता खाता मी त्या भिंतीकडे बघतच बसले, इतकी गप्प भिंत मी आयुष्यात पाहिली नव्हती. घरी आले आणि आमचा हॉल बघितला. बिल्डरने नऊ वर्षांपूर्वी दिलेला क्रीम कलर, ज्याचा आता साय धरलेला चहा झालाय, आणि सोफ्यामागे भिंतीवर डोक्याच्या तेलाचे दोन गोल, उंचीवरून कळतं कुठला नवऱ्याचा आणि कुठला सासऱ्यांचा. म्हंटलं बास. या दसऱ्याच्या आत ग्रे.

नवरा म्हणाला, "ग्रे ना? देऊया की. त्यात काय निवडायचंय?"

हे वाक्य मी तारीख वार घालून त्याच्याकडून सही करून घ्यायला हवं होतं.

दुकानात गेलो, म्हंटलं ग्रे दाखवा. त्या मुलाने शेड कार्डाचा तो पंखा असा फर्रकन उघडला आणि विचारलं, कुठला ग्रे? आता बघा, मी साडीच्या दुकानात वाढलेली नसले तरी चिंतामणी आणि जांभळा यातला फरक मला पंधरा फुटांवरून कळतो, आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी, अबोली, मोरपंखी, शेवाळी, सगळे रंग नावानिशी ओळखते, पण ग्रे म्हंटल्यावर माझ्याकडे तीनच शब्द निघाले, राखाडी, करडा आणि पारवा, आणि समोर चाळीसेक पट्ट्या. नावं पण अशी की एकाही नावावरून रंग कळू नये, कुठे धुकं, कुठे पहाट, कुठे कुजबुज. कुजबुजीचा रंग कुठला असतो? आमच्याकडे तर कुजबुज झाली की पुढचे दोन दिवस सगळ्यांचे चेहरेच रंग बदलतात.

एक तास बघून मला एवढंच कळलं की ग्रे असा रंगच नाहीये. एकटी पट्टी हातात धरली की ग्रे, आणि दुसरी शेजारी ठेवली की लगेच पहिली हिरवट आणि दुसरी गुलाबट. म्हणजे प्रत्येक ग्रेचा कुठेतरी ओढा असतो, कोणी निळ्याच्या बाजूचा, कोणी हिरव्याच्या, आणि एकटा असेपर्यंत तो कबूल करत नाही. (आमच्या नात्यातल्या दोघातिघांची मला तिथल्या तिथे आठवण झाली.)

नवरा इंजिनियर. त्याने पंख्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एलआरव्ही शोधून काढला. म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे पांढराशुभ्र. झालं, त्याला आकडा मिळाला, आता त्याला रंगाची गरज नव्हती. "आपल्याला साठच्या आसपास हवाय," असं तो त्या मुलाला अशा आवाजात सांगायला लागला की जणू बीपी सांगतोय.

सॅम्पलचे छोटे डबे घ्यायचे ठरले. पहिल्यांदाच मी ते टिंटिंग मशीन जवळून बघितलं. पांढऱ्या बेसचा डबा खाली ठेवला, मुलाने कॉम्प्युटरवर कोड टाकला आणि वरून नळीतून थेंब पडले, आधी काळा, ठीक आहे, मग चक्क पिवळा, मग तांबडट. मी ओरडलेच, अहो ग्रे सांगितलाय, पिवळा कशाला टाकताय! तो मुलगा वयाने विशीतला असेल, पण शांतपणे म्हणाला, "मॅडम, पांढऱ्यात नुसता काळा टाकला ना तर निळसर दिसतो." मला एकदम सातारचं घर आठवलं. तिथे भिंतींना चुना द्यायचे आणि चुना पिवळट दिसू नये म्हणून बादलीत चिमूटभर नीळ टाकायचे. तिकडे पांढरा पांढरा दिसावा म्हणून निळा घालायचा, इकडे ग्रे निळा दिसू नये म्हणून पिवळा घालायचा, एकंदरीत कुठलाच रंग स्वतःच्या जिवावर उभा नाही. आणि तेव्हा निवडायची भानगडच नव्हती हो. रंगाच्या डब्यावर तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला एशियन पेंट्सचा पोरगा, गट्टू असायचा, कपाळावर केसांची बट, हातात ब्रश आणि चेहऱ्यावर एकदम निर्धास्त भाव. असणारच, त्याला शेड कुठे निवडायची होती.

आमचे पेंटर मामा बीडकडचे. बोलणं कमी, तंबाखू जास्त. त्यांनी नऊ सॅम्पलचे नऊ चौकोन हॉलच्या मोठ्या भिंतीवर मारले आणि घोड्यावरून खाली उतरायच्या आत मी म्हणाले, तिसरा नको, फार फिका आहे. मामा म्हणाले, "ताई, वल्लं हाय तवर काय बी बोलू नका." एका तासाने बघितलं तर तिसरा सगळ्यात गडद. इमल्शन वाळलं की जरा गडद होतं असं मामांनी नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, सांगितलं तरी बाया ऐकत न्हाईत.

मग सुरू झाला खरा खेळ. आमचा हॉल उत्तरेला, थेट ऊन फारसं येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यामुळे सकाळी चहा पिताना नऊच्या नऊ चौकोन पोस्टाच्या आंतर्देशीय पत्राचे भाऊबंद दिसायचे. दुपारी समोरच्या सोसायटीवर ऊन पडलं की खलास. त्या लोकांनी गेल्या वर्षी बिल्डिंगला गाजर हलव्याचा रंग दिलाय, का दिलाय ते त्यांच्या कमिटीलाच माहिती, पण तो रंग ऊन घेऊन थेट आमच्या भिंतीवर येतो, म्हणजे दुपारी दोन ते चार चौकोन क्रमांक चार हा ग्रे नसून कोकम सरबत. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली, साडेसहा हजार केल्विनची (म्हणजे उजेड निळसर की पिवळसर त्याचा आकडा, नवऱ्याने खोका शोधून आणून वाचून दाखवलं), तर सगळं पुन्हा निळं आणि त्यात आम्ही सगळे आजारी. मग फॉल्स सीलिंगचे पिवळे दिवे लावले, ते तीन हजारचे, आणि चौकोन क्रमांक सहा माझ्या डोळ्यांदेखत नाचणीच्या सत्त्वाचा झाला. दूध घातलेल्या. गुठळी न झालेल्या.

मी दिवसातून चार वेळा भिंतीसमोर उभी राहून वहीत नोंद करायला लागले. सासरे पेपरच्या वरून बघायचे. एकदा म्हणाले, "काय ग, ताप उतरला का?"

तेवढ्यात भाची आली. ती आर्ट कॉलेजला आहे, त्यामुळे तिला सगळं माहिती असतं आणि ती ते सांगते. तिने बघितल्या बघितल्या सांगितलं की मामी, तुझी पद्धतच चुकलीये, जुन्या पिवळट भिंतीवर चौकोन मारलेस तर ग्रे निळा जांभळा दिसणारच, डोळा शेजारच्या रंगाचा उलटा रंग त्यात मिसळतो. मग तिने मला पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्याची गोष्ट सांगितली, की तिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणायचे, आणि १८२४ साली शेव्रल नावाच्या केमिस्टला रंगाई खात्याचा प्रमुख केलं, आणि तक्रार काय तर काळ्या धाग्याचा रंग नीट बसत नाही, मरगळलेला दिसतो. याने काळा तपासला, उत्तम होता. दोष काळ्याचा नव्हताच, शेजारी विणलेल्या निळ्या जांभळ्या धाग्यांचा होता. मी म्हंटलं बघा, दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की शेजारी गाजर हलवा असला की आपलं काही खरं नाही.

मग पांढऱ्या कडेचे मोठे पुठ्ठे आणले, त्यावर सॅम्पल मारले आणि ते पुठ्ठे घेऊन मी घरभर फिरले, दाराजवळ, टीव्हीमागे, देवघराशेजारी. आई जप करत होत्या, एक डोळा उघडून म्हणाल्या, हा बरा आहे. मला इतका आनंद झाला, म्हंटलं कुठला, तर म्हणाल्या, "पुठ्ठा. मागचा. तो रंग का नाही देत?"

शेवटी मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने व्हाईट बॅलन्स लावतो, म्हणजे निळा दिसला की निळा कमी करतो, पिवळा दिसला की पिवळा मारतो, त्यामुळे ग्रुपवर गेलेले नऊही ग्रे एकसारखे सात्त्विक दिसत होते. तरी मतं आलीच. नाशिकची नणंद म्हणाली पिस्ता दे. मावसदिराने विचारलं, हे प्लास्टर ओलं आहे का अजून? जाऊबाईंना मी खाजगीत त्यांच्या शेडचा कोड विचारला तर त्यांचा फक्त हसणारा इमोजी, मग दोन दिवसांनी उत्तर, "अगं आम्हालाच आठवत नाहीये." इतका शांत रंग लावून माणूस इतका आतल्या गाठीचा कसा राहू शकतो.

दसरा आला आठवड्यावर. लांबी भरून झाली, पॉलिश पेपर मारून झाला, प्रायमर झाला, सगळ्या घरात पांढरी पावडर, पोह्यातसुद्धा, आणि मामा ब्रश धुऊन उकिडवे बसलेले. मी चौकोन पाच म्हंटलं, नवरा आठ म्हणाला. त्याचा एलआरव्ही साठ होता. माझ्या पाचाला बासष्ट. या दोन आकड्यांवरून आमचं जे भांडण झालं त्यात त्याच्या आत्याच्या लग्नातल्या जेवणापर्यंत विषय गेला. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, सात घ्या, दोघं बी सारखंच नाराज. आम्ही सात घेतला. मशीनवर एकदा शेड काढली की दुकानदार परत घेत नाही, म्हणजे पदरी पडलं पवित्र झालं.

दोन हात मारून झाले. मामांनी फरशीवरचे पेपर उचलले, सोफा जागेवर गेला. मी डोळे मिटून हॉलच्या मध्यभागी उभी राहिले आणि उघडले. सकाळचे दहा वाजलेले. एवढ्याशा पुठ्ठ्यावर जो रंग जेमतेम कुजबुजत होता तो चार भिंतींवर मिळून एका सुरात आरती म्हणत होता. निळ्या सुरात.

कोणीच काही बोललं नाही. आई चष्मा लावून भिंतीच्या अगदी जवळ गेल्या, बोटाने वाळलाय का बघितलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, नीळ जरा जास्त पडली का ग?"

नवऱ्याने न बोलता उठून पडदे लावले आणि पिवळे दिवे लावले. तेव्हापासून आम्ही भर दिवसा दिवे लावून नाचणीच्या सत्त्वात बसतो. दुपारी दोन ते चार कोकम. सोफ्यामागे सासऱ्यांच्या डोक्याचा गोल आठव्या दिवशी उमटायला लागला, आणि खरं सांगू का, तेवढाच भाग आता मला जरा उबदार, बरा ग्रे वाटतो.

उरलेला लिटरभर रंग वाया कशाला म्हणून मामांनी जाताना ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे मारून टाकला होता. मला माहितीच नव्हतं. परवा मोजा मागे पडला म्हणून मशीन पुढे ओढली. तिथे ना ऊन, ना ट्यूब, ना समोरची बिल्डिंग, आणि चार बाय तीनच्या त्या तुकड्यावर पंख्यातल्या पट्टीसारखा, अगदी जसाच्या तसा, जाऊबाईंचा ग्रे. मी खाली बसून दहा मिनिटं बघत राहिले. आता नवरा रोज विचारतो की कपडे तू एकटीच का लावतेस आणि मशीन भिंतीपासून इतकी लांब कशी सरकते. मी सांगते, स्पिनला हलत असेल.